सायकसचं बी पेरण्याआधीची तयारी

सायकस म्हणजे ताडासारखं दिसणारं शोभेचं झाड. त्याचं बी मातीत घालायची घाई कधीच करू नये. झाडावरून गळताना अनेक जातींच्या बियांतला गर्भ अपुराच असतो. सायकस आणि त्याचा आफ्रिकेतला भाऊबंद एन्सेफॅलार्टोस यांच्या बियांना तो वाढायला काही महिने लागतात. तेवढे दिवस बी हवेशीर पिशवीत, सावलीत ठेवा. उन्हात वाळवू नका, आतला गर सुकला की बी मेलंच. कानाशी धरून हलवून पाहा, आत खुळखुळलं तर ते बी बाजूला काढा.

आधी हातांत रबरी हातमोजे घाला, कारण बियांत सायकसिन हे विष असतं. वरचा लाल-नारिंगी गर उगवण रोखतो, तो पूर्ण निघालाच पाहिजे. बिया दोन-तीन दिवस भिजवा, पाणी रोज बदला, मग बोथट सुरीने गर खरवडा. घरात कुत्रा असेल तर हे पाणी, गर, बिया काहीही त्याच्या तोंडाशी येऊ देऊ नका. एक-दोन बियांनीही त्याचा जीव जाऊ शकतो.

पाण्यात तरंगेल ते पोकळ, ही परीक्षा बऱ्याच जातींना चालते. पण समुद्रकाठच्या काही सायकसच्या बियांत तरंगण्यासाठी स्पंजासारखा थरच असतो, तिथे ती फसवते. शिवाय परागण न झालेलं बीसुद्धा बाहेरून भरदार दिसू शकतं. म्हणून दहातलं एक बी खुशाल बळी द्या. लांबीच्या दिशेने फोडलं की पांढरा घट्ट गर दिसतो आणि मधल्या पोकळीत बारीक काडीसारखा गर्भ, टोकाला गुंडाळी झालेला धागा. काडी गराच्या निम्म्या लांबीचीही नसेल तर बाकीच्या बिया आणखी थांबवा. पोकळी रिकामीच असेल तर आणखी दोन बिया फोडून खात्री करा.

पेरणीसाठी झाकणाचा डबा किंवा झिपची पिशवी, परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे) आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समसमान. मिश्रण मुठीत दाबल्यावर जेमतेम एक-दोन थेंब यावेत. त्याहून ओलं असेल तर बुरशी ठरलेली. बी आडवं, अर्धं वर राहील असं टेकवा. उभं खोचलं तर मूळ निघताना वळसा घेतं आणि रोप वाकडं बसतं. २७ ते ३० अंश ऊब हवी. दर आठवड्याला डबा उघडा आणि मऊ पडलेलं किंवा वास येणारं बी लगेच फेकून द्या. डब्यावर जात आणि तारीख लिहा, महिन्यांनी काहीच आठवत नाही.

कुंड्या आधीच भरून ठेवा: अरुंद, पण २० ते २५ सेंटिमीटर खोल, खाली मोठी भोकं, आत जाड वाळू किंवा परलाइट निम्म्याहून जास्त. कवच एका टोकाला तडकतं आणि फिकट, जाडसर मूळ बाहेर येऊन सरळ खाली वळतं. ते ४-५ सेंटिमीटरचं झालं की बी कुंडीत लावा. टोक मोडलं तर रोप मागे पडतं. पान यायला पुढे आठवडे, कधी महिने जातात. तोवर बी ओढून काढण्याचा मोह आवरा, बीजपत्रं आतच राहून रोपाला पोसत असतात.

पुढे मातीच्या वर पोवळ्यासारख्या फांद्या फुटलेली मुळं दिसली तर कापू नका. त्यांत हवेतलं नत्र बांधणारे सायनोबॅक्टेरिया हे सूक्ष्मजीव राहतात. पहिल्या वर्षी एक-दोन पानं आली तरी वाढ व्यवस्थित आहे. वरची माती सुकल्याशिवाय पाणी नको. या वयात रोपं मरतात ती बहुतेक जास्त पाण्यानेच.