२४एलसी२५६ ईईप्रॉममधल्या नोंदी बिघडत होत्या: माझा अनुभव

आर्डुइनो ऊनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर तापमानाच्या २० बाइटच्या नोंदी २४एलसी२५६ या ईईप्रॉम चिपमध्ये (वीज गेली तरी माहिती टिकवणारी मेमरी) साठवत होतो. लक्षण असं: चौथी नोंद लिहिली की पहिली बिघडायची आणि चौथीचे पहिले चार बाइट सोडून बाकी सगळे २५५, म्हणजे रिकामे, दिसायचे.

चिपच्या तारांवरचे पुल-अप रेझिस्टर १० किलोओहमऐवजी ४.७ केले, चिप बदलली, लिहिल्यानंतरचा डिले (थांबण्याचा वेळ) वाढवला. काहीच फरक नाही. फार वैताग आला.

कारण पानात (पेज, म्हणजे चिपमधला एकाच वेळी लिहिता येणारा कप्पा) आहे. या चिपचं पान ६४ बाइटचं असतं. एकाच वेळी लिहिताना पान संपलं, तर पुढचे बाइट त्याच पानाच्या सुरुवातीला जातात. चौथी नोंद ६० व्या पत्त्यापासून सुरू होते. तिचे १६ बाइट पहिल्या नोंदीवरच पडत होते.

उपाय याच क्रमाने करा. आधी नोंद १६ बाइटची करा, म्हणजे पानात बरोबर चार बसतात. (चिपशी बोलणाऱ्या आर्डुइनोच्या वायर लायब्ररीचा बफर, म्हणजे पाठवायच्या बाइटची तात्पुरती जागा, ३२ बाइटचा, त्यातले दोन पत्त्याला जातात, हेही लक्षात असू द्या.) मग प्रत्येक पत्ता १६ च्या पटीत ठेवा. लिहून झाल्यावर वायरचं एंडट्रान्समिशन हे फंक्शन शून्य (म्हणजे चिपने उत्तर दिलं) देईपर्यंत चिपला पुन्हा पुन्हा हाक मारा. लेखनाला जास्तीत जास्त ५ मिलिसेकंद लागतात. शेवटी जुन्या नोंदी पुसून नव्याने सुरुवात करा.

चिप अजून घेतली नसेल आणि सतत लिहायचं असेल, तर मी एमबी८५आरसी२५६व्ही हा एफरॅम (वीज गेली तरी माहिती टिकवणारी दुसऱ्या प्रकारची मेमरी) सुचवेन. क्षमता तेवढीच, ३२ किलोबाइट. पानांची भानगड नाही, थांबणंही नाही. फक्त महाग पडतो.