‘मायक्रो’ म्हणजे नेमकं काय लहान? डीएमएलटीला नव्याने येणाऱ्यांसाठी

डीएमएलटीच्या, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या पदविकेच्या, पहिल्या वर्षी तोंडी परीक्षेत मला विचारलं होतं, ‘मायक्रोअल्बुमिन म्हणजे काय?’ मायक्रो म्हणजे लहान, हे पाठ होतं. अल्बुमिन हे प्रथिन, हेही माहीत होतं. दोन्ही जोडून मी सांगितलं, ‘आकाराने लहान असलेलं अल्बुमिन.’ परीक्षकांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला.

उत्तर चुकलं होतं. अल्बुमिनचा रेणू तोच असतो, तेवढाच असतो. लघवीत उतरलेलं त्याचं प्रमाण तेवढं थोडं असतं, दिवसाला साधारण ३० ते ३०० मिलिग्रॅम. लघवीत बुडवायच्या साध्या तपासणी-पट्टीवर ते बहुधा सापडत नाही, पण मधुमेहात मूत्रपिंडाला इजा होऊ लागल्याची खूण इथेच मिळते. मूत्रपिंडविकारांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आता हा शब्द टाळायला सांगतात. रिपोर्टवर आणि तपासणीच्या चिठ्ठीवर मात्र तो अजून भेटतो, म्हणून कळायलाच हवा.

दहावीपर्यंत मराठी माध्यमातून आलेल्यांना हे शब्द परके वाटतात, पण त्यांचा गाभा आपल्याजवळ आधीपासून असतो. सूक्ष्मजीव, सूक्ष्मदर्शी हे शब्द आपण शाळेतच शिकलो. त्यातला ‘सूक्ष्म’ म्हणजेच ग्रीकमधून आलेला ‘मायक्रो’. अडचण अर्थाची नाहीच. लहान काय आहे, हे आपण विचारत नाही, अडचण तिथे आहे.

मायक्रोसायटिक ॲनिमियात खरोखर पेशीच लहान असते. निरोगी तांबडी पेशी ७ ते ८ मायक्रॉन व्यासाची. स्मिअरवर, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या पातळ थरावर, फूटपट्टी लावता येत नाही, म्हणून शेजारी लहान लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशीचा एक प्रकार) शोधायची. तिच्या केंद्रकाएवढी तांबडी पेशी दिसली तर ठीक, त्याहून बारीक दिसली तर मायक्रोसायटिक. हे मी पुस्तकात तीनदा वाचलं होतं, पण डोक्यात बसलं ते एका स्लाइडवर दोन्ही शेजारी शेजारी पाहिल्यावर. पेशी मोजणारं काउंटर मशीन हेच एमसीव्हीच्या, म्हणजे तांबड्या पेशीच्या सरासरी आकारमानाच्या, आकड्यात सांगतं, ८० फेम्टोलिटरच्या खाली. (फेम्टो हा शब्द ‘पंधरा’ या डॅनिश शब्दावरून आला आहे, कारण दशांशचिन्हानंतरच्या पंधराव्या स्थानाची ती गोष्ट आहे. असं एकदा कळलं की विसरत नाही.) एमसीव्ही कमी दिसला की लगेच ‘लोह कमी’ म्हणू नका. थॅलेसेमिया मायनरमध्येही (रक्ताच्या एका आनुवंशिक विकाराचा सौम्य प्रकार) तो कमीच असतो, पण तिथे तांबड्या पेशींची संख्या बहुधा चांगली किंवा जास्तच असते. दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचायची सवय पहिल्याच वर्षी लावा.

मायक्रोस्कोपिक हिमॅच्युरियात (हिमॅच्युरिया म्हणजे लघवीतून रक्त जाणं) पेशी नेहमीच्याच मापाच्या असतात. लघवी डोळ्यांना स्वच्छ दिसते, रक्त फक्त सूक्ष्मदर्शीखाली सापडतं, एवढाच त्याचा अर्थ.

मायक्रोफायलेरियाची गंमत आणखी वेगळी. विदर्भात काम करणाऱ्याला हत्तीपायाच्या तपासणीत रक्तातला हा जंत भेटतोच. लांबी पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तांबड्या पेशीच्या तीसेक पट. मग याला मायक्रो का म्हणायचं? कारण या जंताची प्रौढ मादी ८ ते १० सेंटिमीटर लांब असते आणि ही तिची पिल्लं. तुलना आईशी आहे. दिवसा ती फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत राहतात आणि रात्री, डास चावण्याच्या वेळेला, त्वचेजवळच्या रक्तात येतात. म्हणून पथक रात्री घरोघर जाऊन बोटातून रक्त घेतं. झोपेतून उठवलेली म्हातारी माणसं कुरकुरतात, तेव्हा त्यांना हे कारण साध्या शब्दांत सांगितलं की हात पुढे येतो. माझा हा अनुभव आहे.

आता एककाकडे. इथला मायक्रो म्हणजे मोघम ‘लहान’ नव्हे, काटेकोर दशलक्षांश. जुन्या रिपोर्टवर प्लेटलेट ‘प्रति घन मिलिमीटर’ असतात, नव्यावर ‘प्रति मायक्रोलिटर’. माझ्या वर्गातली मुलं यावरून गोंधळायची. दोन्ही एकच आहे. १ घन मिलिमीटर म्हणजेच १ मायक्रोलिटर, आकडा बदलायचा नाही.

हे समजलं की न्यूबॉयर चेंबरचं, म्हणजे पेशी मोजायच्या चौकोन आखलेल्या काचेचं, गणितही सुटतं. पांढऱ्या पेशी मोजताना शेवटी ५० ने गुणा, असं जर्नलमध्ये सगळे लिहितात. का? चार कोपऱ्यांतले चार मोठे चौकोन, प्रत्येक १ चौरस मिलिमीटर, खोली ०.१ मिलिमीटर. म्हणजे आपण मोजलं ०.४ मायक्रोलिटर. रक्त २० पट पातळ केलेलं. २० भागिले ०.४, झाले ५०. तोंडी परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो, आणि फक्त ‘५०’ म्हणून थांबणाऱ्याला पुढे काही सांगता येत नाही.

एककात चूक झाली तर ती हजारपट होते. इंटर्नशिपमध्ये मी एकदा सीरम आयर्नच्या आकड्यापुढे मायक्रोग्रॅमऐवजी मिलिग्रॅम लिहिलं. चिठ्ठीवरच्या ‘म्यू’ची (मायक्रोचं चिन्ह, µ) शेपटी पुसट होती आणि मला तो ‘एम’ वाटला. सही करणाऱ्या मॅडमनी रिपोर्ट जाण्याआधी पकडलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून हाताने लिहिताना मी म्यू वापरत नाही, ‘एमसीजी’ असंच लिहिते. तुम्हीही लिहा.

‘ऑलिगो’ आणि ‘हायपो’ यांना मायक्रोच्या पंगतीत बसवू नका. ऑलिगो म्हणजे थोडं, जसं ऑलिगुरिया, दिवसभरात ४०० मिलिलिटरहून कमी लघवी. हायपो म्हणजे ठरलेल्या पातळीच्या खाली. लोह कमी असलेल्याच्या स्लाइडवर ‘मायक्रोसायटिक हायपोक्रोमिक’ लिहिताना पहिला शब्द मापाबद्दल असतो, दुसरा रंगाबद्दल.

आणि हाताला मायक्रो कळावा म्हणून एक सराव करा. मायक्रोपिपेट १०० मायक्रोलिटरवर लावा, अंगठा पहिल्या टप्प्यापर्यंतच दाबून पाणी घ्या, आणि सोडताना दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबून बारीक तराजूवर सोडा. ०.१ ग्रॅम दिसायला हवं. दहा वेळा करा आणि दहाही आकडे वहीत लिहा. माझे पहिल्या दिवशी ०.०८ ते ०.१२ पर्यंत हलत होते, जवळजवळ आणायला मला दोन आठवडे लागले.