फेंगडे पाय आणि केबिन क्रूची वैद्यकीय तपासणी : जाण्याआधीची तयारी

मागच्या खेपेस मुलाखतीच्या सगळ्या फेऱ्या पार पडल्यावर मी वैद्यकीय तपासणीत अडकले, ते झोपून काढलेल्या आणि फक्त गुडघे दाखवणाऱ्या एक्स-रेमुळे. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला, यावरून काहीच ठरवता येत नाही म्हणून परत दिला आणि नवा एक्स-रे मिळेपर्यंत त्या तुकडीच्या जागा भरल्या. म्हणून सर्वांत आधी हे करा: एक्स-रे उभे राहून काढून घ्या आणि त्यात खुब्यापासून घोट्यापर्यंत पूर्ण पाय येऊ द्या. आडवे झाल्यावर पायांवर भार येत नाही, त्यामुळे बाक आहे त्यापेक्षा कमी दिसू शकतो. शिवाय खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत जी रेषा ओढून पाहतात, ती नुसत्या गुडघ्याच्या फिल्मवर ओढताच येत नाही. सरळ पायात ही रेषा गुडघ्याच्या साधारण मध्यातून जाते, फेंगड्या पायात आतल्या बाजूने.

घरी अनवाणी, घोटे जुळवून आणि गुडघ्यांच्या वाट्या समोर ठेवून उभे राहा आणि गुडघ्यांमधले अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्या. स्वतः वाकलात की माप चुकते.

पाय केव्हापासून असे आहेत, हे आईला विचारून लिहून ठेवा. तान्ह्या बाळांचे पाय बाकदारच असतात, दोन वर्षांच्या सुमारास ते सरळ होतात, तिसऱ्या-चौथ्या वर्षी गुडघे उलट आत झुकतात आणि सात-आठ वर्षांपर्यंत मोठेपणीचा आकार येतो. बाक राहिला असेल तर त्यामागे ड जीवनसत्त्वाच्या अभावाने झालेला मुडदूस, ब्लाउंट रोग (नडगीच्या हाडाची गुडघ्याजवळची वाढ बिघडणे) किंवा मोडल्यावर वाकडे जुळलेले हाड असू शकते. ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करून घ्या, पण वाढ पूर्ण झालेले हाड गोळ्यांनी, व्यायामाने किंवा पट्टे बांधून सरळ होत नाही. त्यावर कृपया पैसे घालवू नका. हाड कापून सरळ करण्याची शस्त्रक्रिया असते, मात्र त्यातून सावरायला महिने लागतात, त्यामुळे भरतीच्या तोंडावर तिचा विचारही करू नका.

हात किती उंच पोहोचतो, हेही पाहा. एमिरेट्स किमान १६० सेंमी उंची आणि टाचा उचलून २१२ सेंमीपर्यंत पोहोच मागते. भारतीय कंपन्यांत मुलींसाठी १५५ सेंमी उंची सर्रास मागितली जाते. पायांच्या बाकामुळे उभी उंची थोडी घटते, म्हणून भिंतीवर पेन्सिलीची खूण करून खात्री करा. अस्थिरोगतज्ज्ञांकडून वेदना, चाल आणि उकिडवे बसता येणे यांबद्दल लेखी अभिप्राय घ्या. तासन्तास उभे राहून ट्रॉली ढकलायची असते.

पुन्हा एक्स-रेकडे येते. लांब फिल्मची सोय प्रत्येक केंद्रात नसते, आधी फोन करून विचारा. चिठ्ठीवर डॉक्टरांकडून ‘उभे राहून, पूर्ण पाय’ असे लिहून घ्या. काढताना वाट्या समोर आहेत का, ते तंत्रज्ञांना विचारा; पाय वळलेला असला तर बाक चुकीचा दिसतो.

वजन, दृष्टी, दिसणारे टॅटू, कागदपत्रे हे सर्वांना ठाऊक आहेच. आदल्या रात्री फाइल उघडून एक्स-रेवर तुमचे नाव, अलीकडची तारीख आणि ‘स्टँडिंग’ हा शेरा आहे ना, एवढे मात्र नक्की पाहा.