महागडं वाद्य घेण्याआधी कंपनीची नाडी कशी बघावी

वाद्य घेताना आपण आवाज ऐकतो, हात फिरवून बघतो आणि पैसे मोजतो. मी त्याआधी आणखी एक गोष्ट बघते: कंपनी सध्या काय विकत घेत सुटली आहे. नामांकित कंपनीला घरघर लागते ती बहुतेकदा तिथूनच.

गिटार बनवणाऱ्या गिब्सनचंच घ्या. 2014 मध्ये त्यांनी फिलिप्सचा हेडफोन-स्पीकरचा धंदा 13.5 कोटी डॉलरला घेतला, तोही कर्ज काढून. ओंक्यो आणि टीॲक या जपानी ऑडिओ कंपन्यांमध्ये आधीच पैसे अडकलेले. 1 मे 2018 ला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला, तेव्हासुद्धा गिटारचा धंदा नफ्यात होता! पिढ्यान् पिढ्या कमावलेलं नाव हेडफोनपायी पणाला लागावं, याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून आपल्या आवडत्या कंपनीची खरेदीची बातमी आली की विचारा, पैसा स्वतःचा की कर्जाचा? आणि या नव्या धंद्यातलं त्यांना काय कळतं?

दुसरी खूण म्हणजे, कुणी न मागितलेला बदल सरसकट लादणं. 2015 च्या बहुतेक गिब्सन गिटारांवर आपोआप सूर लावणारी यंत्रणा आली आणि किमतीही चढल्या. वादक नाराज झाले.

मालक बदलला असेल तर वस्तू हातात घेऊनच ठरवा. 1965 मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने फेंडर ही गिटार कंपनी घेतली आणि पुढे उत्पादन वाढवताना कारागिरी ढिली पडली. सत्तरच्या दशकातली स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे फेंडरची इलेक्ट्रिक गिटार, बघायला मिळाली, तर मानेचा जोड तपासा. बहुधा चारऐवजी तीन स्क्रू असतील. गिटारचं अंग घट्ट धरा, मान हळूच बाजूला ढकला आणि नजर पहिल्या आणि सहाव्या तारेवर ठेवा. तार फ्रेटबोर्डच्या (मानेवरच्या पट्टीच्या) कडेकडे सरकली तर मान बसते ती खाच सैल आहे. बाहेरून चकचकीत असली तरी अशी गिटार मी घेत नाही.

सॉफ्टवेअरला मात्र असं हलवून बघता येत नाही. गाणी रेकॉर्ड करायचं केकवॉक गिब्सनने 2013 मध्ये घेतलं आणि 2017 च्या नोव्हेंबरात त्याचं काम थांबवलं. पुढे बँडलॅब या संगीत-तंत्रज्ञान कंपनीने ते वाचवलं, पण दर वेळी कुणी वाचवायला येतंच असं नाही. माझ्याकडचं एक वेगळंच सॉफ्टवेअर संगणक बदलल्यावर सुरूच होईना, कारण परवाना तपासणारा सर्व्हर कंपनीने बंद केला होता. पाच गाण्यांचे प्रोजेक्ट आत अडकले, त्यातली दोन कायमची गेली.

तेव्हापासून गाणं पूर्ण झालं की त्याच दिवशी प्रत्येक ट्रॅक वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवते. सगळ्या फाइली एकाच बिंदूपासून सुरू करायच्या, म्हणजे दुसरीकडे जुळवताना तारांबळ होत नाही. इफेक्टसह एक प्रत, इफेक्टविना एक. मिडी (सुरांची नोंद असलेली फाइल) वेगळी आणि टेम्पो फोल्डरच्या नावातच. गाण्यामागे अर्धा तास जातो.