स्टीम रोलरच्या मॉडेलची चाकं: शेवटचा कट शेवटीच मारा

रोलरचं मॉडेल म्हटलं की सगळे आधी बॉयलर-सिलिंडरच्या मागे लागतात, पण बघणाऱ्याची नजर जाते ती चाकांवरच. ट्रॅक्शन इंजिनच्या (वाफेवर चालणाऱ्या ट्रॅक्टरच्या) चाकावर तिरक्या पट्ट्या असतात त्यामुळे चाक थोडं डुगडुगलं तरी खपून जातं, रोलरचं चाक मात्र सपाट गुळगुळीत, त्यात अर्धा एमएम जरी रनआउट (फिरताना डुगडुगणं) असला तरी स्क्रेपरच्या (चाकाची माती खरवडणाऱ्या) पट्टीजवळची फट कमी-जास्त होताना लगेच दिसते. म्हणून एक गोष्ट पक्की धरा, चाकाचा बाहेरचा फिनिश कट (लेथवरची शेवटची बारीक छिलाई) सगळं जोडून झाल्यावरच मारायचा, आणि तोही हबचा (चाकाच्या मधल्या तुंब्याचा) बोअर, म्हणजे अ‍ॅक्सलचं भोक, धरून.

मी इथे एव्हलिंग अँड पोर्टरचा १० टनी रोलर धरलाय. इंग्लंडमध्ये केंटमधल्या रॉचेस्टरची कंपनी, रोलरच्या पुढे मागच्या पायांवर उभा घोडा असतो ना, तीच. स्केल १:१२. मागचं चाक मूळचं साधारण साडेपाच फुटी, म्हणजे मॉडेलमध्ये १४० एमएमच्या आसपास, आणि १२५ एनबीचा (नॉमिनल बोअर, पाइपचं नावापुरतं माप) एमएस, म्हणजे साध्या पोलादाचा, पाइप बाहेरून १३९.७ असतो, त्यामुळे काम सोपं होतं. भंगारवाल्याकडे तुकडा मिळतो. ४३ एमएम कापून घ्या, फेसिंग करून (कडा लेथवर सपाट करून) ४० वर आणा. पाइपला आतून वेल्डची शिवण असते ती बोअर करून (आतून छिलून) काढाच, नाहीतर आतली रिंग नीट बसत नाही.

आता महत्त्वाचं. पातळ रिंग लेथच्या तीन जबड्यांच्या (जॉच्या) चकमध्ये आवळली की ती दबते, टर्निंग करताना गोल वाटते आणि चक सैल केला की तीन ठिकाणी फुगीर होते. त्यापेक्षा फेसप्लेटवर (लेथच्या सपाट तबकडीवर) टेकवून क्लॅम्पने कडेवरून दाबून धरा. बाहेरून आत्ता फक्त साफ करा, अर्धा एमएम मटेरियल राहू द्या.

रिमच्या आत ३ एमएम पत्र्याच्या दोन रिंगा सिल्व्हर ब्रेझिंगने बसवा, त्यांनाच स्पोक रिबिट होतात. स्पोक चपट्या पट्टीचे, अर्धे हबच्या डाव्या फ्लँजला, अर्धे उजव्या, एकाआड एक. एमडीएफच्या फळीवर मधे हबच्या मापाची पिन ठोका, भोवती रिम अडकेल असे ठोकळे लावा, झाला जिग (भाग जागेवर धरायचा साचा). सगळे स्पोक आधी एम२ स्क्रूने जोडा, फिरवून बघा, मग एकेक स्क्रू काढून त्या भोकात घट्ट बसेल असं लोखंडी रिबिट मारा. रिबिट समोरासमोरची मारत जा, एका बाजूने ओळीने मारत गेलात तर हब सरकतो. ॲल्युमिनियमची रिबिटं पटकन बसतात पण दिसायला अजिबात बरी नाहीत, लोखंडीच घ्या.

मग चाक मँड्रेलवर (हबच्या भोकात घट्ट बसणाऱ्या दांड्यावर) चढवून लेथच्या दोन सेंटरमधे (टोकांमधे) धरा, बारीक फीडने बाहेरचा कट. इथे घाई नको, टूल धारदार हवं आणि स्पीड कमी, नाहीतर स्पोकमुळे चाक थरथरतं आणि पृष्ठभागावर लाटा उमटतात. मूळ रोलरच्या मागच्या चाकांना रस्ता उकरायचे खिळे लावायला भोकं असायची, ती करायची असतील तर या कटच्या आधीच ड्रिल मारून घ्या.

पुढचा रोल एक अखंड सिलिंडर करू नका!! तो दोन भागांचा असतो, कारण वळताना बाहेरच्या भागाला जास्त अंतर कापावं लागतं, अखंड असला तर फरफटतो आणि स्टिअरिंग जड होतं. ८० एनबी पाइपचे दोन तुकडे, प्रत्येकाला स्वतःचा गनमेटल (एक प्रकारचं कासं) बुश, अ‍ॅक्सल एकच, मधे जेमतेम एक एमएम फट. दोन्ही भागांचा व्यास मात्र तंतोतंत सारखा हवा, म्हणून एकाच मँड्रेलवर शेजारी शेजारी घट्ट आवळून एकाच कटमध्ये टर्न करा.

मागच्या दोन चाकांपैकी, मॉडेलमध्ये डिफरेन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नसेल तर, एकच अ‍ॅक्सलला पिन करा आणि दुसरं मोकळं ठेवा. रंग फक्त स्पोक आणि आतल्या बाजूला, एच प्राइमर (धातूला धरून बसणारा अस्तराचा रंग) मारून. जमिनीला टेकणारा भाग चकचकीत उघडाच राहू दे, पावसाळ्यात त्यावर मशीन ऑइलचं फडकं फिरवत जा, आपल्या दमट हवेत दोन दिवसात तांबूस डाग धरतो.