कस्टम फर्निचर काढताय? आधी सामान मोजा, भिंत नंतर

फर्निचर डिझाईनच्या या धंद्यात नवीन आलेली पोरं विचारतात की क्लायंटच्या घरी पहिल्यांदा जाताना काय न्यायचं, कॅटलॉग का लॅपटॉप. दोन्ही राहू द्या. टेप, लेव्हल, वही आणि निवांत वेळ घेऊन जा. क्लायंट मोबाईलवर फोटो दाखवणारच, पांढरं शुभ्र किचन, हँडल नाही, ओट्यावर एक कुंडी आणि वाटीत दोन लिंबं. बघा, हो म्हणा, मागून घ्या, रंगाची आवड त्यातून कळते. पण तिथून डिझाईन सुरू करू नका, कामून की त्या फोटोतल्या घरात ज्वारीचं पोतं नाही, पाण्याचा ड्रम नाही आणि महालक्ष्म्यांच्या (गौरींच्या) मुखवट्याखालच्या कोठ्या तर नाहीतच नाही.

म्हणून पहिलं काम, जुनी कपाटं उघडायला लावा. बाया जरा लाजतात, "पसारा आहे हो" म्हणतात, तुम्ही म्हणा काकू पसाराच बघायला आलोय. धान्य वर्षाचं भरतात का महिन्याचं, शेतातून येतं का मोंढ्यातून, डाळी कशात ठेवतात, धान्याची कोठी किती उंच, पाहुणे आले की वाकळा-गाद्या कुठून काढतात, हे सगळं लिहायचं आणि मोठ्या वस्तूला टेप लावायची. २०० लिटरचा निळा ड्रम साधारण २३ इंच रुंद आणि ३ फुटांच्या आसपास उंच असतो, म्हणजे ३४ इंची ओट्याखाली तो जात नाही, त्याला वेगळी जागा आणि जवळ नळ द्यावा लागतो. "ड्रम गच्चीत टाका, कसा दिसतो तो" असं क्लायंटला कधीच म्हणू नका. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते दिवस काढलेलं माणूस किचन कितीही मॉड्युलर झालं तरी ड्रम सोडत नाही आणि त्याचं बरोबर आहे.

महालक्ष्म्यांचंही आधीच विचारा. मुखवटे, कोठ्या, मखर, समया हे वर्षभर कुठं असतं आणि त्या तीन दिवसांत मांडणी हॉलमध्ये नेमकी कुठं होते. त्या भिंतीला तुम्ही फिक्स टीव्ही युनिट ठोकलं तर भाद्रपदात आज्जी तुमचं नाव घेऊन बोलणार. तिथं खाली चाकांचं हलकं युनिट द्या, सरकवता येईल असं, आणि कोठ्यांसाठी लॉफ्टचा एक खण मधे पार्टिशन न टाकता सलग ठेवा.

आता किचनचा ओटा, इथं जरा थांबू. सगळीकडं ३४ इंच उंची छापल्यासारखी देतात. भाजी चिरायला ठीक आहे पण भाकरीला नाही, भाकरी थापताना खांद्याचं वजन वरून परातीत उतरावं लागतं, ओटा उंच झाला की सगळा जोर मनगटावर येतो आणि रोज पंधरा-वीस भाकऱ्या करणाऱ्या बाईचे हात भरून येतात. जी स्वयंपाक करते तिलाच उभं करा, मालकाला नाही. कोपर काटकोनात वाकवायला सांगा, फरशीपासून कोपरापर्यंत मोजा, त्यातून ४ इंच कमी केले की चिरायचा ओटा आणि ६-७ इंच कमी केले की भाकरीचा. पाच फुटी बाईचं कोपर साधारण ३७ इंचावर येतं, म्हणजे चिरायला ३३ आणि थापायला ३० इंच. पूर्ण ओटा खाली घ्यायची गरज नाही, शेगडीच्या शेजारचा अडीच फुटांचा तुकडा खाली उतरवा, परात नीट बसली पाहिजे. शेगडीच ५-६ इंच उंच असते, त्यामुळं तिच्याखालचा ओटाही थोडा उतरवला तर तव्यावरची भाकरी उलटायला सोपं जातं. आणि हो, काही घरात अजून खाली बसूनच थापतात, त्या घरात हा सगळा हिशोब सोडा आणि फरशीवर बसायला मोकळी जागा ठेवा.

भिंतीचं माप घेताना एकच नियम, एका जागी मोजून विश्वास ठेवू नका. खाली, मधे, वर असं तीन ठिकाणी मोजा आणि सगळ्यात लहान माप धरा. आपल्याकडची घरं गुन्यात, म्हणजे काटकोनात, क्वचितच असतात, कोपऱ्यातून एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करून तिरकं मोजायचं, ५ फूट आलं तर काटकोन, नाही आलं तर फरक ड्रॉइंगवर लिहून मिस्त्रीला दाखवायचा. प्लास्टर आणि फरशी व्हायच्या आधी घेतलेलं माप फायनल समजू नका. पलंगाच्या बाबतीत आधी गादी कोणती घेणार ते विचारा, ७२ बाय ७५ आणि ७२ बाय ७८ दोन्ही बाजारात मिळतात, पलंग झाल्यावर गादी शोधत फिरायची वेळ येऊ नये. आणि ड्रॉइंग ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी खोलीत रांगोळीनं पलंग, कपाट, उघडलेली दारं खऱ्या मापात आखून द्या. थ्रीडी बघून माना डोलावणारी माणसं रांगोळी बघून लगेच म्हणतात "अहो इथून जायचं कसं?", तेच तर आपल्याला पाहिजे असतं.

कपाट काढताना प्लायची शीट डोक्यात ठेवा. शीट ८ बाय ४ फूट, म्हणजे २४४० बाय १२२० मिलिमीटर. कपाटाची खोली बरोबर २४ इंच काढली तर रुंदीतून दोन पट्ट्या निघायला १२१९ मिलिमीटर लागतात, वर करवतीचं पातं ३ मिलिमीटर खातं, म्हणजे दुसरी पट्टी कमी भरते आणि शीट वाया. तेच साडेतेवीस इंच धरलं की दोन पट्ट्या आरामात निघतात, आणि हँगरला आत २१-२२ इंच मिळाले की शर्ट दाराला घासत नाही. बाजू ७ फूट उंच घेतली की प्रत्येक शीटमधून फूटभर तुकडा उरतो, तो ड्रॉवरला वापरा. १८ एमएमचा फळा ३ फुटांपेक्षा लांब ठेवू नका, पुस्तकं किंवा डबे ठेवले की पोट काढतो. ७ फुटी दाराला बिजागऱ्या ४, त्याच्या खाली तडजोड नाही. बिजागरी मागवताना शटर, म्हणजे कपाटाचं दार, कसं बसणार ते आधी ठरवा, कडा पूर्ण झाकणारं असेल तर झिरो क्रँक (क्रँक म्हणजे बिजागरीच्या दांडीचा बाक), मधल्या पार्टिशनवर दोन शटरं येत असतील तर आठ, आत बसणारं असेल तर सोळा. चुकीची आली की काम दुकानाच्या खेपांमधे अडकतं.

प्लाय कोणता? बेडरूमला आयएस ३०३ चा (साध्या वापराच्या प्लायचं सरकारी मानक) चांगला माल चालतो, सिंकखाली आणि बाथरूमजवळ आयएस ७१० चा (पाण्यात टिकणारा मरीन प्लाय). पण फक्त शिक्का बघून घेऊ नका, शिक्का कोणीही मारतं, त्यातला लायसन्स नंबर बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून बघा. शंका असेल तर हातभर तुकडा काही तास पाण्यात उकळा. ७१० ची मूळ टेस्ट ७२ तास उकळायची आहे, त्यामुळं दुपारभरात पापुद्रे सुटले तर तो माल परत पाठवायचा. वाळवीचं औषध फर्निचर बसवायच्या आधी मारून घ्या, काळ्या रानात बांधलेल्या घरात तर नक्कीच, आणि कपाटाखालची ४ इंची पट्टी प्लायची न करता ग्रॅनाईट किंवा पीव्हीसीची करा, रोजच्या पोछ्याचं पाणी तिथूनच चढतं.

जुन्या वाड्याचं लाकूड हा आपल्याकडचा वेगळाच विषय. वाडा पाडला की सागवानी तुळया आणि खांब निघतात, त्यांचा डायनिंग टेबल नाहीतर झोपाळा करून द्या म्हणतात. जरूर करा, तसं मुरलेलं सागवान आता विकत घ्यायला गेलात तर घाम फुटेल. फक्त मिलवर नेण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे काढा, नाहीतर करवतीचं पातं जातं आणि मिलवाला पुढच्या वेळी दारात उभं करत नाही. भिंतीत गाडलेलं टोक टोकरून बघा, भुसा निघाला तर तेवढं कापून टाका. घनफूट आधी काढून क्लायंटला लिहून द्या, ७ फूट लांब, ४ बाय ३ इंची पट्टी म्हणजे ७ गुणिले १२ भागिले १४४, साधारण ०.५८ घनफूट, चिरण्यात जाणारं वेगळं. लाकूड त्यांचं असतं म्हणून हिशोब पक्का पाहिजे, नंतर "आमची तुळई कुठं गेली" हे ऐकायला नको.

उन्हाळा विसरू नका. कूलरची खिडकी झाकणारं कपाट कितीही सुंदर असलं तरी मे महिन्यात शिव्या खातं, आणि कूलरच्या ओल्या हवेच्या समोरच्या शटरची कडेला चिकटवलेली एज पट्टी सुटते, तिथं २ एमएमची चांगली चिकटवलेली पट्टी घ्या. इन्व्हर्टरची बॅटरी बंद खणात कोंडू नका. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काळ्या चकचकीत लॅमिनेटवर (सनमायकावर) लगेच दिसतात, हे क्लायंटला निवडतानाच सांगा, ऐकलं तर ऐकलं. हेडबोर्डला काही वेगळं पाहिजे असेल तर संभाजीनगरचं हिमरू कापड काचेच्या मागं लावून द्या, फार छान दिसतं आणि धूळही बसत नाही.

पैशाचं एकच सांगतो, अ‍ॅडव्हान्सशिवाय प्लाय उचलू नका. "सोयाबीन निघाली की देतो" हे खरंच असतं, माणूस खोटं बोलत नाही, पण भाव पडला की तोही अडकतो नि तुम्हीही. टप्पे लिहून घ्या, माल आल्यावर किती, सांगाडा उभा राहिल्यावर किती, फिनिशिंगला किती. लग्नाचं काम असेल तर तारखेच्या आठ दिवस आधीचीच तारीख धरा, हळदीच्या मांडवात पॉलिश वाळत नसतं.

एक पावसाळा गेला की परत एक चक्कर मारा. लाकूड फुगून-आवळून शटरं घासायला लागलेली असतात, स्क्रू ड्रायव्हरनं दहा मिनिटांत लाईनवर येतात. लॅमिनेटचा नंबर शटरच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवा आणि उरलेली एखादी पट्टी लॉफ्टमधे टाकून ठेवायला सांगा, पुढं पोराच्या लग्नात अजून एक कपाट वाढवायचं निघालं की दुकानात तोच नंबर विचारता येतो, आणि नाहीच मिळाला तर निदान जुळता रंग शोधायला हातात तुकडा असतो.