लाल पेन फडताळात ठेवा, मग धडे निवडा

शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात मी 26 वर्षं प्रुफं तपासली. वेलांटीची चूक मला भातातल्या खड्यासारखी दाताखाली येते. त्यामुळे नातू घरीच शिकणार असं ठरलं तेव्हा मराठी कुणी घ्यायचं, हा प्रश्नच आला नाही. महिन्याभरात 9 वर्षांचा तो पोरगा वही दिसली की ‘पोटात दुखतंय’ म्हणायला लागला. धडे कसे निवडायचे हे मी त्यानंतर शिकले, आणि तेही आधी पैसे घालवून.

लेकीने वर्षभराचा तयार अभ्यासक्रम मागवला होता. साडेचार हजार, रंगीत खोका, चकचकीत कागद. तिसऱ्याच धड्यात सूचना होती, ‘वाक्याची सुरुवात मोठ्या अक्षराने करा.’ मराठीत मोठं अक्षर कुठलं? मूळ इंग्रजी धडे कुणीतरी तसेच्या तसे उतरवले होते. इंग्रजी मुलाची अडचण स्पेलिंगची असते. आपली मुलं अडतात जोडाक्षराला, वेलांटीला, रफाराला. आपल्या लिपीची ही दुखणी ज्या धड्यांना ठाऊक नाहीत, ते स्वस्त असले तरी घेऊ नका. आमचा खोका माळ्यावर आहे.

खरेदीआधी तीन दिवस मूल नेमकं कुठे अडतं ते पाहा. पहिल्या दिवशी त्याला आवडीच्या गोष्टीबद्दल बोलू द्या, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि नंतर शब्दन् शब्द उतरवून काढा. आमचा स्वारगेटच्या बसबद्दल बोलला: कंडक्टर, सुट्टे पैसे, खिडकीसाठी भांडण. माझं पान भरलं. त्याच विषयावर आदल्या आठवड्यात त्याने लिहिलं होतं, ‘मी बसने गेलो. मजा आली. घरी आलो.’ म्हणजे सांगण्यासारखं भरपूर होतं, ते हातापर्यंत पोचत नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुस्तकातल्या पाच ओळी बघून लिहायला द्या. चुका मोजू नका, मान किती वेळा वर होते ते मोजा. जे मूल शब्दभर बघून लिहितं त्याचं ठीक आहे. आमचा काना-मात्रेगणिक वर बघत होता. ‘स्वारगेट’ला सहा वेळा. तिसऱ्या दिवशी त्याच ओळी तुम्ही सांगा, त्याने लिहाव्यात. हात, डोळा की कान, अडचण कुठे आहे ते इथे कळतं.

सांगताच येत नसेल तर लिहिण्याचे धडे आणूच नका, गप्पा आणि गोष्टी वाढवा. सांगता येतं पण लिहिता येत नाही, अशा मुलासाठी पुढचं सगळं.

अप्पा बळवंत चौकात उभं राहून पुस्तक चाळताना मी आता एकच प्रश्न विचारते: हा धडा एका वेळी मुलाकडून किती गोष्टी मागतो? ‘उतारा वाचा, नामं अधोरेखित करा, सुवाच्य अक्षरात दहा वाक्यं लिहा’ असं असेल तर पुस्तक परत फळीवर. आम्ही छापखान्यातसुद्धा पहिल्या प्रुफात सगळं एकदम शोधत नव्हतो. मोठ्या माणसाला जे झेपत नाही ते पोराला कसं झेपावं?

मग जोडाक्षरांचा क्रम बघा. आधी ‘पक्का’, ‘पत्ता’ अशी एकाच अक्षराची जोडी, मग ‘रस्ता’, ‘पुस्तक’, आणि ‘र’ अगदी शेवटी. कारण ‘र’ चार सोंगं घेतो: ‘सूर्य’मध्ये डोक्यावर, ‘प्रकाश’मध्ये पोटात, ‘ट्रक’मध्ये पायाशी आणि ‘दुसऱ्या’मध्ये भुवईसारखा. चारही एकाच पानावर कोंबणाऱ्या लेखकाने पोरं शिकवलेली नाहीत, असं खुशाल समजा. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यातला फरक पाचवीत शिकला तरी कुणाचं लग्न अडत नाही.

ऱ्हस्व-दीर्घाचे नियम पाठ करायला लावणारे धडे नकोत, जोड्या देणारे हवेत: फूल–फुलाला, मूल–मुलाला, तीळ–तिळाचा, गरीब–गरिबाला. दहा जोड्या मोठ्याने म्हटल्या की शब्द लांबला की वेलांटी-उकार आखडतात, हे मुलाच्या कानालाच कळतं. शब्दाच्या शेवटी मात्र दीर्घ: कवी, गुरू, पाटी. ‘आणि’ हा अपवाद रोज भेटतो, त्याला वेगळं शिकवायची गरज नाही.

एक बारीक गोष्ट. हिंदीसाठी बनवलेल्या पाटी-पुस्तकांत ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणं वेगळी असतात. मूल तेच वळण उचलतं आणि मग मराठी पुस्तकात तेच अक्षर ओळखत नाही. पान उघडा, आधी ‘ल’ शोधा.

इतकं बघून शेवटी मी घेतलं काय? बालभारतीचं दुसरीचं पुस्तक. वयाने तो चौथीतला, म्हणून खाकी कव्हर घातलं. इयत्ता दिसली असती तर रुसला असता. ही पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात, पण मी छापीलच घेतलं, सवय. सोबत ‘किशोर’. बालभारतीचंच हे मासिक 1971 पासून निघतं आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन वाचता येतात. ते फक्त वाचायला. त्यावर प्रश्न विचारायचे नाहीत, ही मी स्वतःला घातलेली अट. मार्गदर्शकातले ‘पावसाळ्यातील एक दिवस’छाप तयार निबंध मात्र घरात आणू नका. त्यातला पाऊस पुण्यात कधी पडलेला नाही.

आता वेळापत्रक. दिवसाला 12 मिनिटं, कणीक मळून झाकून ठेवली की सुरू. तीन दिवस हाताचं काम: चार ओळी बघून, नाहीतर ऐकून, आणि त्यात एकाच प्रकारची चूक बघायची. या आठवड्यात रफार तर रफारच, बाकी वेलांट्या वाकड्या राहू देत. (मला हे फार जड गेलं. लाल पेन खरंच फडताळात ठेवावं लागलं.) दोन दिवस तो सांगतो, मी लिहिते. त्यानेच नाव दिलं, ‘मी व्यास, तू गणपती.’ अटही तीच आहे, व्यास थांबले तर गणपती चहा ठेवायला उठतो. मी लिहिलेलं तो स्वतः वाचतो आणि त्यातलं एकच वाक्य, त्याला आवडलेलं, वहीत उतरवतो. पहिले दोन महिने तेवढंच.

कुठलाही संच असो, तीन धडे करून बघितल्याशिवाय वर्षाचे पैसे भरू नका. तिसऱ्या धड्याला मूल स्वतःहून पेन्सिल शोधतं का, एवढं बघा.

काही महिने असं करूनही बोटं दुखत असतील, अक्षरं उलटीच पडत असतील, तर पुस्तकं बदलत बसू नका, तपासणी करून घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचाही, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या वाचण्या-लिहिण्यातल्या अडचणींचाही, समावेश आहे. पुढे परीक्षेची काळजी असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे (एनआयओएस) तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष टप्पे आहेत. घाई करायचं कारण नाही.

आणि वहीबाहेरचं लिखाण शोधा, ज्याला खरा वाचक आहे असं. मंडईची यादी तो लिहितो. ‘कोथिंबीर’ चुकली तरी जुडी येतेच. त्याच्या खोलीच्या दारावर पाटी लागली आहे: ‘आत काम चालू आहे. आजीने यावे. इतरांनी बाहेरून बोलावे.’ हे कुणी सांगितलं नव्हतं; पुण्यातलं पोर आहे.

गेल्या बुधवारी दुधाच्या पिशवीला त्याने चिठ्ठी अडकवली: ‘उद्या दुध नको.’ मी बघितलं, हात शिवशिवला, गप्प बसले. गुरुवारी दूध आलं नाही. शुक्रवारी जोड्यांच्या वहीत एक नवीन ओळ घातली: दूध–दुधाचा–दुधात. त्याने ती दोनदा म्हटली आणि माझ्याकडे संशयाने बघितलं.